शेरा

बाकलीवालजी रुपया आला की लगेच बघत नाहीत.
आधी उंबऱ्याच्या फरशीवर सोडतात,
मान कलती, डोळे मिटलेले.
नाद पुरता विरेपर्यंत दुकानात कुणी बोलायचं नाही.
मग म्हणतात, "ठीक आहे."
महिन्याभरानं तोच विकायला काढला की
"लाजवाब, मॅडम! टकसाळीतून आत्ता निघाला समजा."

छोट्या सराफ्यात सात वर्षं येते आहे मी,
दर शनिवारी, शटरं पडून
भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढायच्या आत.
ठीक आणि लाजवाब यांच्यामधलं अंतर
माझ्या पेन्शनमधून गेलंय.
म्हणून मी आकड्याच्या बाजूची झाले.

एक ते सत्तर.
सत्तरच का, शंभर का नाही, विचारू नका.
पण आकडा घेताना आणि देताना तोच राहील
असं वाटलं.

मला तरी तसं वाटायला नको होतं.
एकतीस वर्षं गणिताचे पेपर तपासले.
चौतिसाचे पस्तीस केलेत,
आणि जेवायची वेळ टळून गेली म्हणून
एकावन्नाचे सत्तेचाळीसही केले असतील.
वृंदा टेंभेकर, नववी ब.
फेरतपासणीत तिचे आठ वाढले.
त्यानंतर व्हरांड्यात ती समोरून आली की
दोघीही भिंतीवरचा नकाशा बघायचो.

तर, होळकरी दोन रुपये, सूर्यमुखी,
कुरिअरनं पाठवले.
पहिला परत आला पारदर्शक डबीत, सीलबंद: अठ्ठावन्न.
डबी फोडली. पुतण्याच्या नावानं पुन्हा पाठवला.
बासष्ट.
सूर्य तोच, डाव्या गालावरची चीर तीच.
मधले चार कुणाच्या भुकेचे?

(तो आता डबीतच आहे. मुलगी विकेल कधीतरी,
तिला नाद ऐकायला वेळ नाही,
आणि तिचं चुकतंय असंही नाही.)

दुसऱ्याला आकडाच दिला नाही.
चिठ्ठीवर एवढंच: कडी काढल्याची खूण. डाग.

तो मी गौतमपुऱ्याच्या बाजारात घेतला होता,
अंजनाबाई कोळेकरांकडून.
नातू पोलीसभरतीला निघालेला, त्याला बूट हवे होते.
माझ्यादेखत तिनं माळेचा काळा दोरा
दातानं तोडला,
कडी सोनारानं उपटली,
आणि तो रुपया तिनं माझ्या नाही, सोनाराच्याच हातावर ठेवला,
कुणाला देतोय ते बघायला नको म्हणून.
"सासूचा डाग हाय," म्हणाली. "मोडायचा नव्हता."

आपल्यात डाग म्हणजे कलंक.
डाग म्हणजे दागिना.
आणि कडी जिथे बसते त्या जोडालाही
सोनार डागच म्हणतो.
तपासणाऱ्याला त्यातला पहिलाच शिकवला असेल.

बाकलीवालजींनी तो फरशीवर सोडला.
नाद उठला, पण मध्येच खाली बसला.
पुन्हा सोडला.
"खोटा नाही," म्हणाले. "घसा बसलाय फक्त."
सात वर्षांत त्यांच्या तोंडून
ठीक नाही, लाजवाब नाही,
असं तिसरं काही मी प्रथमच ऐकलं.

घरी वही काढली.
जुन्या निकालपत्रकासारखे रकाने आखलेत मी:
क्रमांक, वजन, गुण, शेरा.
गुणांच्या रकान्यात आडवी रेघ मारली,
गैरहजर मुलीपुढे मारायचे तशी.
मग भिंग लावून तासभर बसले
आणि शेऱ्यात लिहिलं:

सूर्याच्या नाकावर दोन बारीक खळगे,
शेजारी शेजारी.
कडेवरच्या मुलानं आईची माळ चावली असावी.
नुकतेच दात आले असावेत.

पुढच्या शनिवारी बाकलीवालजींनी ते वाचलं,
चष्मा कपाळावर सरकवला.
"यानं भाव वाढत नाही, मॅडम."
ठाऊक आहे, म्हटलं.
रकान्यात जागा उरली होती.